डाव्या हाताचा कालथा

मी एक जुना कालथा आहे. काही घरांत मला उलथणं म्हणतात. नावाबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार दुसरीच आहे. मित्रांनो, तव्यावरचा पदार्थ उलटणं हे माझं काम. त्यासाठीच मला घडवलं. पण मधल्या काळात माझ्याकडून रंगाच्या डब्यांची झाकणं उघडून घेतली, कुंडीतली माती उकरून घेतली, अडकलेली खिडकी सोडवून घेतली, आणि एकदा तर भिंतीवरच्या झुरळावर माझा नेम धरला. झुरळ वाचलं. माझ्या मुठीला मात्र चीर गेली. तर अशा मनःस्थितीत मी माझी हकिकत सांगतो आहे. मध्येच आवाज चढला तर समजून घ्या.

मला एका लोहाराने घडवलं. ट्रकच्या चाकांवर बसवतात तसल्या जाड पोलादी पाट्याचा एक तुकडा त्याच्याकडे पडून होता. माझे मालक समोर उकिडवे बसून सूचना देत होते. पातं रुंद हवं. दांडा आखूड हवा. मूठ लाकडाची हवी, आणि ती डाव्या हातात बसायला हवी, कारण मालक डावखुरे.

लोहार वैतागला. "अहो, लोखंडाला डावं-उजवं कळतं का?"

"मला कळतं ना," मालक म्हणाले.

लोहाराने काय समजायचं ते समजून घेतलं आणि मूठ डाव्या पंजाच्या मापाने तासून दिली. तेव्हापासून मी डाव्या हाताचा. पुढे तव्यावर एकाच बाजूने घासून घासून माझी धारही तिरकी झाली. डाव्या हातात मी लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो. उजव्या हातात मी कसा वागतो ते पुढे येईलच. त्यात माझा दोष नाही एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

मालकांची हातगाडी होती, एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर. गाडीवर एकच पदार्थ, चिकन रोल. काय दिवस होते ते! तवा असा तापलेला असायचा की पाण्याचा थेंब टाकला तर टुणकन उडायचा. त्यावर मालक मसाला लावलेले चिकनचे पातळ तुकडे पसरायचे. थोडेच, गर्दी न करता. तुकड्यांना एका बाजूने तांबूस रंग चढेपर्यंत हात लावायचा नाही, मग मी खालून शिरायचो आणि एका झटक्यात सगळे पालथे. त्यावर उभा चिरलेला कांदा, तो अर्धा कच्चाच राहायला हवा. शेजारी फेटलेलं अंडं ओतायचं, ते थरथरत असतानाच त्यावर पोळी टाकायची, म्हणजे अंडं पोळीला चिकटूनच वर येतं. मग चटणी, चिकन, लिंबू, घट्ट गुंडाळी, खालून कागदाला पीळ. आणि शेवटी मालक मला तव्याच्या काठावर दोनदा आपटायचे. टण्, टण्. म्हणजे रोल तयार. रांगेतल्या माणसांच्या माना आपोआप वर व्हायच्या.

"उस्ताद, चिकन एवढं मऊ कसं हो?" एखादी नर्स विचारायची.

"हाताची कमाल!" मालक म्हणायचे, आणि मला हवेत गिरकी द्यायचे.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, वा, काय कसबी माणूस. होतेच. पण मित्रांनो, ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी फक्त मला माहीत होती, आणि माझा खरा वैताग तिथून सुरू होतो.

कारण गाडी संध्याकाळी बंद झाली की मी रिकाम्या डब्यात पडून घरी यायचो. घरी मालकीणबाई मला घासायच्या, पुसायच्या, तेलाचं बोट फिरवायच्या आणि ओट्यावरच्या खिळ्याला टांगायच्या. त्या खिळ्यावरून मी सकाळी काय काय पाहिलं! मालक झोपलेले असत तेव्हा बाईंनी आदल्या दिवशीच फडक्यात टांगलेलं दही खाली उतरवलेलं असायचं, पाणी पूर्ण निथळलेलं. चिकन त्या मांसाच्या धाग्यांना आडवं कापायच्या, म्हणजे ते दातात अडकत नाही. मसाला भाजून कुटलेला. त्यात मूठभर भाजलेलं बेसन, म्हणजे मसाला तुकड्याला धरून राहतो आणि तव्यावर सांडत नाही. मीठ सगळ्यांत शेवटी. मग बोटाच्या टोकावर कणभर मसाला घेऊन जिभेला लावायच्या, मान हलवायच्या, आणि डब्याला झाकण. त्यानंतर दूध घालून मळलेल्या पिठाच्या पोळ्यांची चळत, अर्धवट भाजून कापडात गुंडाळलेली. मालक उठायचे, चहा घ्यायचे, झाकण लावलेला डबा उचलायचे आणि निघायचे. ते झाकण गाडीवरच उघडायचं.

नर्सला मऊ लागायचं ते कुणाच्या हाताने, सांगा बघू? आणि संध्याकाळी बाई काय करायच्या माहीत आहे? रिकामा डबा उजेडात धरून बघायच्या. तळ खरवडलेला असला की खूश. मग सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "काय म्हणत होती लोकं?"

"काय म्हणणार? खाल्लं आणि गेली," मालक म्हणायचे आणि पाय धुवायला जायचे.

खाल्लं आणि गेली! अरे माणसा, अर्धा दवाखाना तुझ्या गाडीपुढे बोटं चाटत उभा होता, ते सांगायला जिभेला फोड आले होते का? मी खिळ्यावर लटकून आतल्या आत तापायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ही बाई कधी गाडीवर गेली नाही. तिने तो रोल गरम असा कधी खाल्ला नाही. मालकांचा नियमच होता, विकायचा माल घरी आणायचा नाही आणि घरच्यांनी गाडीवर यायचं नाही, तिथे गर्दी असते. त्यांची एकुलती एक मुलगी, घरात सगळे तिला बारकी म्हणतात, तीही शाळेतून येताना समोरच्या फुटपाथवरून नुसता वास घेत पुढे जायची. वर्षानुवर्षं असं चाललं.

मग मालकांचा डावा खांदा आखडला. हात वर जाईना. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितलं, आणि मालकांनी ती तव्यासकट एका माणसाला देऊन टाकली. मलाही दिलं होतं. तो माणूस आठवड्यात परत आला आणि मला मालकांच्या हातात कोंबून म्हणाला, "हे काय वाकडं हत्यार! पोळ्या फाडतंय नुसतं." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मालकांनी मला हत्यारांच्या खणात टाकलं, पाना आणि पक्कडीच्या शेजारी. तिथूनच रंगाच्या डब्यांचं प्रकरण सुरू झालं.

पण त्याहून वाईट प्रकरण घरात सुरू झालं होतं. गाडीच्या शेवटच्या दिवशी गिऱ्हाइकांनी मालकांना हार घातला आणि दोन शब्द बोला म्हणाले. मालकांना गहिवरून आलं. म्हणाले, "हा रोल एका हाताचा होता. हात थकला, रोल संपला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत शेजारची शिंपीणबाई होती. तिने घरी येऊन मालकीणबाईंना ते भाषण शब्दन् शब्द, कौतुकाने, सांगितलं.

"एका हाताचा का?" बाई म्हणाल्या. "बरं."

बस्स. त्या 'बरं'नंतर त्या मालकांशी एक शब्द बोलल्या नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. चहा ठेवला की भिंतीला सांगायच्या, "घरात कुणाला चहा हवा असेल तर ओतून ठेवलाय." मालकांचा खांदा ठणकायला लागला की खुर्चीवर गरम पाण्याची पिशवी आणून ठेवायच्या. "कुणाला लागली तर घ्यावी." मालकही हट्टी. ते खिडकीला सांगायचे, "कुणीतरी आभारी आहे म्हणावं." दोन शहाणी, कर्ती माणसं भिंतीशी आणि खिडकीशी बोलतायत, आणि मी खणात पडून ऐकतोय. सांगा, डोकं फिरणार नाही का?

अशातच बारकीला लांबच्या शहरात नोकरी लागली. बारकी म्हणजे आता नावालाच बारकी, उंची बापाच्या वर. रविवारी संध्याकाळी तिची गाडी होती. शनिवारी तिने दोघांना समोर बसवलं.

"मला जायच्या आधी आपला रोल खायचाय. गरम. आणि शिकायचाय. तिकडे मी एकटी असणार, आणि इकडे तुम्ही दोघं असे. मी काय घेऊन जाऊ सोबत, हा अबोला?"

बाई उठून कपडे वाळत घालायला गेल्या. मालक म्हणाले, "मी करतो. त्यात काय आहे? आयुष्यभर तेच केलं."

मित्रांनो, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरवलं की काय होतं ते मी त्या शनिवारी पाहिलं. मालकांनी मला खणातून काढलं, तेवढ्यापुरता मला आनंद झाला. पण आधी त्यांनी चिकन आणलं ते हातगाडीच्या हिशोबाने, कारण हाताला दुसरा अंदाजच नाही. तिघांच्या घरात लग्नाच्या पंगतीचा ढीग! त्यातलं अर्धं मोठमोठं, हवं तसं कापलं. मग गुपचूप मोबाईलवर, आवाज बारीक करून, कुणाची तरी कृती बघितली. पातळ दही पिशवीतून थेट ओतलं. मसाला कच्चाच. मीठ आधी घातलं, मग घातलं की नाही आठवेना म्हणून परत घातलं. पोळ्या दुकानातून आणलेल्या, कडकडीत. तव्यावर पडताच चिकनला असं पाणी सुटलं की त्यात होडी सोडावी. मालक कोपर अंगाशी धरून, ओठ चावत मला फिरवत होते. हात तोच, झटका तोच, पण उलटायचं काय? रस्सा?

बारकीने एक रोल संपवला. "छान आहे," ती म्हणाली. ही मुलगी खोटं बोलताना कानाची पाळी ओढते.

बाईंनी एक घास घेतला आणि भिंतीला म्हणाल्या, "एखाद्याला खारट वाटेल." नंतर खुर्चीवर गरम पाण्याची पिशवी मात्र आली.

रविवारी सकाळी मालक फिरायला बाहेर पडले तशा बाई स्वयंपाकघरात शिरल्या. उरलेल्या चिकनला त्यांनी त्यांच्या पद्धतीने मसाला लावला. शनिवारी दुपारीच त्यांनी दही टांगून ठेवलं होतं, मी पाहिलं होतं. वास आला तसं मला वाटलं, चला, आता जमलं. कसलं जमतंय! बाईंना आयुष्यभर गॅस वाचवायची सवय, आच ठेवली मिणमिणती. डबाभर चिकन एकदम तव्यात लोटलं आणि ढवळत बसल्या. तांबूस रंग चढायचं नाव नाही. अंडं तव्याला धरून बसलं. बाई पोळ्या हाताने उलटतात, कालथा त्यांना कधी लागलाच नव्हता. त्यांनी मला उजव्या हातात घेतलं आणि पोळीखाली सारलं. माझा टोकदार कोपरा रुतला आणि पोळी टर्रकन फाटली. दुसरी फाटली. तिसरीही फाटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बारकीने फाटक्या पोळीतलं मऊ, फिकट चिकन चमच्याने खाल्लं. "छान आहे," म्हणाली, आणि कानाची पाळी ओढली.

एकाकडे हात, एकीकडे मसाला, आणि दोघांच्या मध्ये पोर उपाशी. मला सगळं ठाऊक होतं. तोंड असतं तर एका वाक्यात मिटवलं असतं. पण मला आहे ते पातं, आणि पात्याने बोलता येत नाही.

मालक परत आले तेव्हा बारकी बॅग भरत होती. तिने ओट्यावरून मला उचललं आणि कपड्यांच्या मध्ये खुपसलं. "हा मी नेते. इथे राहून तो रंगाचे डबेच उघडणार."

"तो नको!" दोघं एकदम ओरडली. एवढ्या दिवसांतलं त्यांचं हे पहिलं एकत्र वाक्य.

"अगं, तो डाव्या हाताचा आहे," मालक म्हणाले. "तुझ्या काय कामाचा?"

बाईंची मान वळली. भिंतीकडे नाही, खिडकीकडे नाही, सरळ मालकांकडे. "डाव्या हाताचा म्हणजे? सकाळी माझ्या पोळ्या फाटल्या त्या ह्याच्यामुळे?"

"फाटणारच. उजवीकडून सारलास की कोपरा रुततो."

"मग हे सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

"मी बोलत नव्हते तुमच्याशी!"

"मग मी कुणाला सांगायचं, तव्याला?" मालकांचाही आवाज चढला. "आणि माझ्या चिकनला काल एवढं पाणी का सुटलं?"

"दही टांगलं होतंत?"

"दही टांगायचं असतं?"

आयुष्यभर रोल विकलेला माणूस विचारत होता, दही टांगायचं असतं. बाईंनी डोळे मिटून घेतले. ओठ मात्र हसू दाबत होते. मी कपड्यांच्या घडीतून ते पाहिलं.

"एक मिनिट," बारकी म्हणाली. "बाबा, मी कोणत्या हाताने लिहिते?"

मालकांनी तिच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मोकळे होते, एकाही हातात पेन नव्हतं. "उजव्या," ते म्हणाले, पण विचारल्यासारखं.

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "डाव्या. पाटीवर पहिला फराटा ओढला त्या दिवसापासून. तुमच्यासारखी."

मला मालकांचा खूप राग आहे, तो तुम्ही ऐकलातच. पण त्या क्षणी मला त्यांचं वाईट वाटलं. ते उठायच्या आत ही पोर शाळेत गेलेली असायची, आणि ते परत यायचे तेव्हा पाटी-दप्तर आवरून ठेवलेलं असायचं. ते स्टुलावर बसले. बराच वेळ आपल्याच डाव्या पंजाकडे बघत राहिले. मग त्यांनी बॅगेतून मला बाहेर काढलं आणि बारकीच्या डाव्या हातात दिलं.

"चल," म्हणाले. "गाडीला वेळ आहे अजून."

सकाळी मसाला लावलेलं अर्धं चिकन फ्रिजमध्ये होतं. बाईंनी ताज्या पोळ्या लाटायला घेतल्या. मालकांनी गॅस पूर्ण मोठा केला.

"अहो, गॅस!"

"असू दे गं. तवा तापल्याशिवाय काही नाही."

"सिलिंडर तुम्ही उचलून आणणार का, त्या खांद्याने?"

भांडत होती हो, दोघंही! खणखणीत आवाजात, एकमेकांच्या तोंडाला तोंड देत. एवढं गोड भांडण मी कधी ऐकलं नव्हतं. बारकीने थोडेच तुकडे पसरले आणि लगेच मला पुढे केलं.

"थांब. हात लावू नकोस. थांब... वास बदलला? आता," मालक म्हणाले.

तिने मला खाली सारलं. मित्रांनो, काय सांगू! मूठ पंजात अशी बसली, जणू तिच्याच मापाने तासली होती. एक झटका, सगळे तुकडे पालथे, तांबूस, कोरडे, मसाला जागच्या जागी. कांदा पडला. अंडं थरथरलं, त्यावर पोळी पडली, मी खालून सुळकन गेलो आणि पोळी अख्खी वर आली. फाटली नाही. बाईंनी "अगंबाई" म्हटलं. मालकांनी उजव्या हाताने कागदाला पीळ दिला.

"आता वाजव," ते म्हणाले. "काठावर. दोनदा."

टण्, टण्.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं. तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"रोल तयार झाला की लोकांना कळायला." मालकांनी रोल बारकीच्या हातून घेतला आणि बाईंपुढे धरला. "घे. पहिलं गिऱ्हाईक."

बाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. एक घास घेतला. चावत राहिल्या. इतकी वर्षं बोटाच्या टोकावरचा नुसता मसालाच त्यांच्या जिभेला माहीत होता. "असं लागतं होय हे?" त्या म्हणाल्या.

"असंच. लोकं विचारायची, चिकन एवढं मऊ कसं."

"मग काय सांगायचात?"

"हाताची कमाल म्हणायचो." मालक तव्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. "कुणाच्या हाताची ते नाही सांगितलं कधी. सांगायला हवं होतं."

बाईंनी आणखी एक घास घेतला. "मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"तुझंच आहे."

"अहो, कुणी मला देणार आहे का?" बारकी ओरडली. मग तिला तिचा रोल मिळाला. तिने तो ओट्याला टेकून, जीभ पोळत, उभ्या उभ्या संपवला, आणि काहीच म्हणाली नाही. कानाला हातही लावला नाही.

हल्ली मी बारकीच्या भाड्याच्या खोलीत राहतो. जागा लहान आहे, पण माझ्यासाठी स्वतंत्र खिळा आहे. सुट्टीच्या दिवशी ती मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. पलीकडून दोघं एकदम बोलतात. "मीठ शेवटी!" "आच वाढव!" "अहो, मला बोलू द्या!" "तू काल संध्याकाळपासून बोलतेच आहेस!" कान किटतात. पण ती मला काठावर दोनदा आपटते तेव्हा पलीकडे दोघंही गप्प होतात. आवाज विरेपर्यंत ऐकत राहतात.

तेव्हा मित्रांनो, हत्यारांना जपा. धुतलंत की पुसा, तेलाचं बोट फिरवा, आणि रंगाच्या डब्यासाठी कृपा करून दुसरं काहीतरी शोधा. आणि हो, बाहेर कुणी तुमच्या डब्याचं कौतुक केलं तर ते डब्याबरोबर घरी न्या. वाटेत सांडू नका. ज्याने डबा भरला तो तिथे वाट बघत असतो. रिकामा डबा त्याला काही सांगत नाही. मीही नाही सांगू शकलो, इतकी वर्षं त्याच खिळ्यावर लटकून. तोंड तुम्हाला आहे.